तब्येतीच्या पुस्तकाचं पारायण

एप्रिल लागला की मला फोन सुरू होतात. जालन्यात मी एका शाळेचं ग्रंथालय सांभाळते, त्यामुळे सुट्टीत पोरांना काय वाचायला द्यायचं हे मलाच विचारायची सगळ्या नातेवाइकांना सवय लागली आहे. पोरांचं सोपं असतं. ज्यात प्राणी आहेत, ज्यात काहीतरी करून बघायला मिळतं, गॅस न पेटवता भेळ-कोशिंबीर करता येते, असं पुस्तक हातात द्या आणि बाजूला व्हा. पूर्वी शेवटचं पान आधी बघणाऱ्या पोरांना मी ओरडायचे. आता ओरडत नाही. मोठ्यांना मात्र तब्येतीचं पुस्तक हवं असतं, आणि ते मी एकाच अटीवर सुचवते: शेवटचं प्रकरण आधी वाचायचं. लोक हसतात. मला हसू येत नाही.

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. ते आणि आई आष्टीला राहतात. दादांना शुगर निघाली तेव्हा त्यांनी स्वतःहून फोन केला. म्हणाले, "काय खावं, काय खाऊ न्हाई, सगळं बराबर लिवलेलं एखादं पुस्तक बघ माझ्यासाठी." पोथीशिवाय दुसरं काही न वाचणाऱ्या माणसाने पुस्तक मागितलं, मला केवढा आनंद झाला! डॉक्टरने लिहिलेलं, मोठ्या अक्षरांचं, साध्या भाषेतलं पुस्तक मी शोधलं आणि दिवाळीत नेऊन दिलं. आजही सांगते, पुस्तक चांगलंच होतं.

दादांनी ते पोथीसारखंच वाचायला घेतलं. गुरुवारी अंघोळ करून पाटावर बसायचे, लाल कापड सोडायचे, एक प्रकरण मोठ्याने वाचायचे, नमस्कार करून पुस्तक पुन्हा बांधून देव्हाऱ्याशेजारी ठेवायचे. प्रकरणाला ते अध्यायच म्हणायचे. आई फोनवर हे सांगायची आणि आम्ही दोघी पोट धरून हसायचो. आमच्या शाळेतली पोरं पुस्तकांची पानं दुमडतात, आणि इथे हा गृहस्थ मधुमेहाच्या पुस्तकाला हळदकुंकू वाहतोय! पण वाचलेलं ते पाळायचेही. चहातली साखर गेली. ताटात काकडी-गाजर आलं. पहाटेचं चालणं सुरू झालं. मी चार ठिकाणी मिरवून घेतलं की बघा, वाचावं तर आमच्या दादांसारखं.

मे महिन्यात सुट्टी लागली तशी आष्टीला गेले, तर दादा लंगडत होते. पायाच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली. बाभळीचा काटा मोडला होता म्हणे, होईल बरा. पहाटेचं चालणं ते अनवाणी करत होते. नेम धरला म्हटल्यावर पायात चप्पल कशी घालायची? मी चिंधी सोडली. अंगठा काळानिळा पडला होता आणि त्याला वास येत होता.

"दादा, शुगरच्या गोळ्या चालू आहेत ना?"

"त्या कधीच बंद केल्या. पहिल्याच अध्यायात लिवलंय, बरं होणं ताटापासून सुरू होतं. ते तर करून राह्यलो मी."

मी देव्हाऱ्याजवळून पुस्तक ओढलं, कापड भिरकावलं आणि शेवटचं प्रकरण उघडून त्यांच्या पुढ्यात धरलं. तिथे ठळक अक्षरांत लिहिलं होतं की डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या कधीही बंद करू नका. दादांनी पानावर तळहात ठेवला आणि मान वळवली.

"अध्याय ओलांडून वाचत नसतेत. तिथवर आलो की वाचतो ना मी."

"दादा, ही पोथी नाही! पाय जाईल तुमचा!"

"ज्यानं लिवलं त्यानं काही इचार करूनच मागंपुढं लावलं आसंल ना? का त्याच्यापेक्षा तुला जास्त कळतंय?"

सगळ्यात गरजेची गोष्ट सगळ्यात शेवटी का घातली, हे मलाही त्या लेखकाला विचारायचं होतं. दादांवर चिडले होते, पुस्तकावर चिडले होते आणि भयंकर घाबरले होते.

एवढ्यात आई पिठाचे हात तसेच घेऊन चुलीपासून उठून आली. माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. दादांना म्हणाली, "पोथीच्या शेवटी अवतरणिका असती का न्हाई? समद्या अध्यायांचं सार? ज्याला पुरी पोथी होत न्हाई त्यानं तेवढीच वाचली तरी चालतंय, आसं तुमीच सांगता लोकायला. मंग ही अवतरणिका समजा."

दादांनी हात काढला, चष्मा लावला आणि ते प्रकरण बोट फिरवत मोठ्याने वाचलं. गोळ्यांची ओळ आली तेव्हा थांबले. ती पुन्हा वाचली. आवाज एकदम बारीक झाला होता.

"चल," म्हणाले. "जल्दी चल."

आम्ही त्याच दुपारी जालन्याला आलो. पाऊल वाचलं. अंगठा वाचला नाही. आणखी थोडा उशीर झाला असता तर, असं डॉक्टर सांगू लागले, तेव्हा आई उठून बाहेर गेली.

ऑपरेशननंतरच्या गुरुवारी दादांनी दवाखान्यात पुस्तक मागितलं. मला वाटलं होतं, हे खूळ आता संपलं. पण आईने ते लाल कापडासकट पिशवीत आणलं होतं. त्यांच्या हाताला सलाइन होतं, म्हणून वाचायला मी बसले. खुणेला तुळशीचं वाळलेलं पान होतं. शेवटचं प्रकरण वाचून झालं असलं तरी दादांचा क्रम इथवरच आला होता. मी पुढचं पान उलटलं. प्रकरणाचं नाव होतं 'पायांची काळजी'. पहिलीच ओळ वाचली: शुगर असणाऱ्याने कधीही अनवाणी चालू नये.

पुढे मला वाचवेना. चारच गुरुवार आधी हे प्रकरण आलं असतं तर, एवढंच डोक्यात फिरत होतं. दादांचा असा राग आला आणि अशी माया आली की अक्षरं दिसेनाशी झाली.

दादा पांढऱ्या पट्टीत गुंडाळलेल्या आपल्या पायाकडे बघत होते.

"वाच," म्हणाले. "अध्याय मधीच सोडायचा नसतो."