रुखमाबाईनं सोडलेलं संत्रं

नागपूरच्या वायुसेनानगरात एअर व्हाइस मार्शल गिरिधर काळबांडे यांच्या बंगल्याबाहेर पहारा असे, गाडीला ताऱ्यांची पाटी असे आणि कचेरीतलं टेबल तर पाहुण्यांची पंगत बसेल एवढं. नरखेडकडच्या त्यांच्या गावाला याचं कोण कौतुक! चंपतरावांचा पोरगा केवढा मोठा साहेब झाला! झाला होता, खोटं कशाला बोला. फक्त त्याला आता कोणी लढाऊ विमानात बसू देत नव्हतं, एवढंच गावाला ठाऊक नव्हतं.

साठ साली गिरिधर वैमानिक झाला तेव्हा चंपतरावांनी गावभर पेढे वाटले आणि त्याच संध्याकाळी त्याच्या आईनं, रुखमाबाईनं, संत्रं सोडलं. "पोरगं कायमचं खाली उतरन, तवाच फोड तोंडात घालीन," असं तिनं देवापुढं सांगून टाकलं. घरची बाग संत्र्याची, अंगणात ढीग संत्र्याचे, आणि हिनं सोडलं काय तर संत्रं! सगळे हसले. पासष्टच्या लढाईत गिरिधर हंटर विमान घेऊन सरहद्दीपलीकडे जाऊन आला, एकाहत्तरलाही गेला, तेव्हा मात्र कोणी हसलं नाही.

पुढे अठ्ठ्याहत्तर साली सरावात इंजिन पेटलं आणि गिरिधरला खुर्चीसकट विमानाबाहेर पडावं लागलं. जीव वाचला, पण पाठीचा मणका दबला; गावाकडे मात्र त्यानं यातलं काहीच कळवलं नाही. डॉक्टरांनी लढाऊ विमान कायमचं बंद केलं. मग बढत्यांची रांगच लागली. चौऱ्याऐंशीत नागपूरच्या मुख्यालयात आला तेव्हा काम काय, तर विमानांच्या दुरुस्त्या, सुटे भाग आणि बैठका. सोनेगावच्या विमानतळावरून उठलेलं विमान डोक्यावरून गेलं की फाइलवरचा त्याचा हात थांबे. समोरचा अधिकारी बोलत राही आणि साहेब मान डोलावत. त्या गार खोलीत त्याचा जीव अगदी गुदमरून जाई. पण हे सांगायचं कोणाला? बायको प्रमोदिनी इतक्या वर्षांनी निवांत झोपू लागली होती. तिची झोप मोडायला त्याचं मन होईना.

आणि म्हणून त्यानं एक वाईट गोष्ट केली. गावी गेला की रुखमाबाई विचारी, "उडतं का गा अजून?" आणि हा मोठा माणूस बेधडक सांगे, "हो माय, उडून राहिलो." अख्ख्या जगात ती एकटीच उरली होती, जिच्या लेखी तो अजून वैमानिक होता. ते सोडवत नव्हतं त्याला. तिकडे म्हातारी बिचारी संत्र्याला शिवत नव्हती.

"सांगून टाका ना आईंना," प्रमोदिनी म्हणे.

"सांगतो," तो म्हणे, आणि पेपर उघडे.

त्या हिवाळ्यात धाकटा भाऊ शालिकराम संत्र्याची टोपली घेऊन बंगल्यावर आला. चहाला हातही न लावता म्हणाला, "दादा, डिंक्या रोगानं बाग वाळून राहिली. हा शेवटचा बहार. बाबानं लावलेली सारी झाडं उन्हाळ्यात तोडतो." मग जरा थांबून म्हणाला, "माय झाडाखाली बसते, फळ हाती घेते, वास घेते अन् टोपलीत टाकते. पाहवत नाही गा."

गिरिधरनं हातातला कप खाली ठेवला. बाबांच्या झाडाचं फळ आईनं आता चाखलं नाही तर कधीच चाखता येणार नव्हतं, आणि अडवून धरलं होतं ते त्यानंच. दुसऱ्याच दिवशी ताऱ्यांची पाटी काढून ठेवून तो गावाकडे निघाला.

रुखमाबाई शालिकरामसोबत बागेत फळं निवडत बसली होती. मान वर करून तिनं विचारलंच, "उडतं का गा अजून?"

"नाही माय. उतरलो. बहुत वर्सं झाली. तुह्याजवळ खोटं बोललो मी."

म्हातारी आता फाडफाड बोलणार, म्हणून तो खाली मान घालून उभा राहिला. तिनं मांडीवरची फळं तेवढी बाजूला सारली. शालिकरामनं घाईघाईनं एक संत्रं सोलून तिच्या हातावर ठेवलं. तिनं फोड तोंडात घातली, डोळे मिटले. रस हनुवटीवर ओघळला.

"गोड हाय ना माय?" शालिकराम हसत होता आणि त्याचे डोळे भरून आले होते.

तिनं मान हलवली. मग गिरिधरकडे नीट निरखून पाहिलं. त्याला जवळ बसवून घेतलं, लहानपणी घेई तसं.

"मंग तुले करमते का गा खाली?"

हे त्याला आजवर कोणीच विचारलं नव्हतं. भल्याभल्या वरिष्ठांना तोंडावर उत्तरं देणाऱ्या त्या माणसानं नुसती नकारार्थी मान हलवली आणि आईच्या खांद्यावर डोकं टेकून तो रडला.

रुखमाबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"देवाजवळ मीच मागून राहिली होती हे," ती म्हणाली, आणि हातातलं उरलेलं संत्रं तिला काही केल्या खाववेना.