जिन्यावरून पडले

आमच्या ह्यांना ट्रकने उडवलं ते कामोठ्याच्या फाट्यावर, भर दुपारी. तळोज्याची पहिली पाळी संपवून कंपनीच्या बसमधून उतरले आणि हायवे ओलांडत होते. ट्रक थांबलाच नाही. मी धावत पोचले तेव्हा भोवती ही एवढी गर्दी, आणि एकाचाही हात पुढे नाही.

"पंचनामा होऊ दे, वहिनी. हात लावला तर आमीच अडकू."

पंचनामा गेला खड्ड्यात! इथे माणसाच्या डोक्यातून रक्त वाहतंय आणि हे हाताची घडी घालून उभे. रिक्षावाल्याने तर मानच फिरवली. "पोलीस केस हाय ताई. रिक्षा ठाण्यात अडकवून ठेवतील."

अस्सा संताप आला! पण तोंडातून भलतंच निघालं, "दवाखान्यात सांगते, घरी जिन्यावरून पडले. ट्रकचं नाव काढणार नाही." तो लगेच खाली उतरला आणि त्याने ह्यांचे पाय उचलले.

पनवेलपर्यंत ह्यांचं डोकं माझ्या मांडीवर. मी गालावर चापट्या मारत ओरडत होते, "डोळे मिटाल तर खबरदार!" डॉक्टरांनी विचारलं, "अ‍ॅक्सिडेंट?" मी ठणकावून म्हटलं, "जिन्यावरून पडले." आमचं घर बैठं, जिना कुठला? पण हे वाचले. पुन्हा वेळ आली तरी मी तेच सांगेन.

पुढे आमची मुलगी शाळेत जाऊ लागली. शाळा हायवेपलीकडे. माझ्या जिवाला घोर लागला. गावाने फाट्यावर सिग्नल मागितला, तेव्हा हायवे खात्याचे एक साहेब देवळात बैठकीला आले. कागद चाळून म्हणाले, "जिथे अपघात जास्त, तिथे आधी काम, असं धोरण आहे. इथे तर एकही नोंद नाही."

"नोंद नाही कशी? माझ्या नवऱ्याला उडवलं तिथे!"

"पोलिसांत दिलंत?"

"जिन्यावरून पडले असं सांगितलं," मी म्हटलं. मागून एक म्हातारी बोलली, "माजे पोराला बी तितंच ठोकला. आमी सांगितला, आंब्यावरून परला." मग कुणाची सून विहिरीवर घसरलेली, कुणाचा भाऊ बैलाने उडवलेला. अख्ख्या गावाने मिळून तो रस्ता कागदावर धुऊन काढला होता. राग कुणावर काढायचा?

साहेब चहा पिऊन गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलीचं मनगट घट्ट धरून हायवेच्या कडेला उभी राहिले. ती म्हणाली, "आई, हात दुखतोय." मी सोडला नाही.