दादाच्या कार्डावरचा वेल्डर

माझ्या निवृत्तीच्या समारंभात एका वक्त्याने जाहीर केले की, खोटा कागद हे साहेब वासावरून ओळखतात. टाळ्या पडल्या, शाल-श्रीफळ मिळाले. मला मात्र त्या क्षणी सिल्वासा ठाण्यातले एक प्रकरण आठवत होते. त्यात मी एक खोटे पत्र दोनदा वाचून खरे म्हणून परत केले होते.

तेव्हा पासपोर्ट आणि परदेशासाठी लागणाऱ्या चारित्र्य पडताळणीचे काम माझ्याकडे होते. ठाण्यातले हे सर्वांत निरुपद्रवी टेबल. माणूस येतो, जुने पत्ते सांगतो. आपण गुन्ह्यांचे रेकॉर्ड बघतो, शेजाऱ्यांना विचारतो आणि शेरा लिहितो.

नंदुरबारकडचा एक वेल्डर आला. वय एकोणतीस. कॅनडात कायम वास्तव्यासाठी त्याने नाव नोंदवले होते, गुणांच्या यादीत ते लागले होते आणि सगळे कागद साठ दिवसांत चढवायचे होते. त्यातले वीस संपले होते. मुदत हुकली तर पुढच्या खेपेला वय तीस, म्हणजे गुण कमी. खरी जन्मतारीख त्याला ठाऊक नव्हती. शाळेत गुरुजींनी निम्म्या वर्गाला एक जून लावली, तीच त्यालाही लावली होती.

त्याची फाइल चाळली. खडोलीच्या एका कारखान्यातल्या चार वर्षांच्या अनुभवाचे पत्र होते, ठेकेदाराच्या सही-शिक्क्याचे. दोनदा वाचले, व्यवस्थित दिसले, परत दिले. त्यानंतरची दोन वर्षे दुसऱ्या कारखान्यातली, तीही व्यवस्थित.

चार दिवसांनी निनावी अर्ज आला. 'देशाच्या प्रतिमेस काळिमा' अशी सुरुवात होती. ज्या अर्जात देशप्रेम पहिल्या ओळीत येते, त्यात ओळखीचा माणूस दुसऱ्या ओळीत सापडतो, असा माझा अनुभव आहे. मजकूर असा, की सदर इसम खडोलीच्या त्या कारखान्यात कधीच कामाला नव्हता, पत्र बनावट आहे, आणि त्याची मुदत अमुक तारखेस संपत असल्याने त्वरित कारवाई व्हावी.

कारखान्यात गेलो. चार वर्षांचे हजेरीपत्रक पाहिले. वेल्डरचे नाव कुठेच नव्हते. त्याच आडनावाचा, त्याच गावचा दुसरा एक माणूस मात्र चार वर्षे एकही खाडा न करता हजर होता.

वेल्डरला बोलावले.

"तू तिथे कामाला नव्हतास."

"होतो ना साहेब. चार वर्षं."

"हजेरीवर नाव नाही तुझं."

तेव्हा राहत होता त्या चाळीचा पत्ता तेवढा त्याने दिला.

खडोलीतल्या चाळीच्या मालकिणीला फोटो दाखवला. ती हसली. "आ तो आपला वेल्डर! कोपऱ्यातली खोली होती. माझं गेट त्यानेच जोडून दिलं." मग तिने नाव सांगितले. ते हजेरीवरचे होते, वेल्डरचे नव्हे.

हे ऐकवल्यावर वेल्डर बोलायला लागला. हजेरीवरचे नाव त्याच्या थोरल्या चुलतभावाचे. दोघे एकदमच कामाला आले होते. दादाच्या नावाने गेटपास निघाला, पीएफचा नंबर पडला आणि तिसऱ्या दिवशी दादाचे डोळे आले. दादा गावी गेला, तो परत आलाच नाही.

"ठेकेदार बोलला, नवा पास कोण काढत बसेल? दादाच्या कार्डावर ये. हाजरी हाताची लागते, नावाची नाय. सगळेच येतात साहेब असे. मला चार वर्षं सगळे दादाच्याच नावाने हाक मारायचे."

"आणि हे पत्र?"

"ठेकेदारानेच दिलं, माझ्या नावाने. त्यात खोटं काय लिवलंय? काम तर मीच केलं."

मी विषय बदलला. "मुदतीची तारीख कोणाकोणाला ठाऊक आहे?"

"कोणालाच नाय. फक्त दादाला. ईमेल त्याच्याच मोबाइलवर येतो ना."

दादाचे नवापूरला मोबाइलचे दुकान होते. निरोप धाडताच तो हजर झाला, हातात जाडजूड फाइल. कॅनडाचे नियम त्याला तोंडपाठ: कोणत्या बुधवारी किती गुणांवर यादी थांबली, कोणता धंदा यादीत आला, कोणता गळला. बोलता बोलता निघाले की, त्याने स्वतःचेही नाव नोंदवले आहे. अनुभव: वेल्डर, खडोली, चार वर्षे. हजेरी, पीएफ, कंपनीचे पत्र, सगळे अस्सल.

दोघांना आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये नेले आणि दोन पट्ट्या जोडायला दिल्या. थोरल्याने रॉड टेकवला, तो चिकटला. ओढला, तर पट्टीच वर आली.

"दादा, टेकवू नको. जरा उचलून धर," धाकटा सवयीने म्हणाला. मग त्याने स्वतः टाका ओढला. निदेशक वाकून बघत राहिले आणि म्हणाले, "हा शिकवायला येईल का?"

थोरला खाली बसला. "साहेब, एकाच खात्यात, एकाच कामावर, एकाच गावची दोन माणसं दिसली, तर तिकडचे साहेब कोणाला धरतील?"

"ज्याने काम केलं नाही त्याला."

"म्हणून तर अर्ज लिहिला."

धाकट्याने ते पत्र अजून चढवले नव्हते, हेच त्याचे नशीब. चढवून पकडला गेला असता, तर पाच वर्षे दार बंद. मी पडताळणीवर 'गुन्हा दाखल नाही' असा शेरा दिला, कारण ते खरे होते. बाकीचा अहवाल जबाबांसह वर पाठवला. ठेकेदार सापडला नाही. अहवालावर 'पाहिले' असा शेरा येऊन फाइल बंद झाली. थोरल्याने जबाब दिल्यावर आपला कॅनडाचा अर्ज मागे घेतला. धाकट्याकडे स्वतःच्या नावाची दोनच वर्षे उरली. तेवढ्यावर गुण पुरेनात, म्हणून आलेले बोलावणे त्याला नाकारावे लागले.

"मग ती चार वर्षं कुठं गेली साहेब?" त्याने एवढेच विचारले.

पुढे एक जून येऊन गेला, गुण घटले. नियमही बदलत राहिले. नोकरीच्या हमीचे गुण रद्द झाले, आणि फ्रेंच येणाऱ्यांना कमी गुणांतही घ्यायला लागले. हे त्याला दादानेच सांगितले. बोलणे बंद होते, म्हणून मेसेजवर. मग त्याच्या खोलीतून सकाळी पहिल्या पाळीआधी फ्रेंच क्रियापदे ऐकू येऊ लागली. दीड वर्षाने त्याला पुन्हा बोलावणे आले. या खेपेला प्रत्येक कागदावर त्याचे स्वतःचे नाव होते. तो गेला.

या प्रकरणाने मला शिकवले ते असे: कागद खरा आहे का, हे विचारून तपास संपत नाही, तो कोणाविषयी खरा आहे, हेही विचारावे लागते. नव्या अधिकाऱ्यांच्या वर्गात मी हे एकदा सांगितले होते. त्यांनी ते वहीत उतरवून घेतले.

थोरल्याचे दुकान पुढे बंद पडले. सध्या तो किलवणीच्या एका कारखान्यात वेल्डिंग सुपरवायझर आहे. खडोलीच्या चार वर्षांची कागदपत्रे पूर्ण होती.