कुंपणाबाहेरचा नेपच्यून

"आई, नेपच्यूनवर कुणाचा एक वाढदिवससुद्धा व्हायचा न्हाई, तुला ठाव हाय का?" माझी मुलगी भाकरी मोडता मोडता म्हणाली. "सूर्याभोवती एक फेरी मारायला त्याला एकशे पासष्ट वर्षं लागतात. मिस म्हणायल्या, तेवढ्यात आपल्या सहा-सात पिढ्या होऊन जातील."

मी तिच्या ताटात वरण वाढत होते. पळी तशीच हातात राहिली. नेपच्यूनची एकशे पासष्ट वर्षं मीच तिला सातवीत शिकवली होती. तेव्हा ती जांभई देत होती. आता तीच गोष्ट मिसनं सांगितली, तर घरी येऊन मला ऐकवत होती.

मी कर्नाटकातल्या हुलसूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत मराठी शाखेला शिकवते. पाचवी ते सातवीचं विज्ञान आणि भूगोल तेव्हा अठरा वर्षांपासून माझ्याकडे होतं. एकाच आवारात दोन शाखा आहेत. आमची मराठी शाखा सातवीला संपते. पुढं शिकायचं तर आवारातल्याच कन्नड शाखेत जावं लागतं, नाहीतर सीमा ओलांडून महाराष्ट्रात. आमच्या घरी मराठी आणि बाजारात कन्नड, त्यामुळं मुलीला आठवीत कन्नड शाखेत घालताना मला काही वाटलं नाही. वाटलं ते नंतर.

त्याच जूनमध्ये कन्नड शाखेला विज्ञानाची नवी शिक्षिका आली. कलबुर्गीकडची, वय तिशीच्या आतबाहेर. भालकीत खोली घेऊन राहायची आणि सकाळच्या बसनं यायची. मुलं मला 'बाई' म्हणतात, तिला 'मिस' म्हणायला लागली. महिन्याभरात माझ्या मुलीनं मिससारखी दोन्ही खांद्यांवर ओढणी पिन करायला सुरुवात केली. मिस घड्याळ उजव्या हातात घालते म्हणून तिनंही घड्याळ उजव्या हातात घातलं. मिस डब्यात दहीभात आणते म्हणून घरी रोज दहीभाताची मागणी सुरू झाली. एकदा रात्रीच्या जेवणात मी मोजलं, ती अकरा वेळा 'मिस' म्हणाली. 'आई' दोनदाच, तेही मीठ मागायला.

"कामून तोंड पाडून बसलीस?" ह्यांनी विचारलं.

"काही न्हाई."

"पोरगी शिकायलीय, चांगलंच हाय की."

चांगलंच होतं. तेच तर सहन होत नव्हतं. मिस टाकाऊ निघाली असती तर मी सुखात राहिले असते.

सूर्यमाला हा माझा हातखंडा पाठ होता. टेबलावर पितळेची घागर ठेवायचे, तो सूर्य. शेजारी लिंबू, तो गुरू. आणि एका मुलाच्या तळहातावर ज्वारीचा दाणा, ती पृथ्वी. मुलं डोळे मोठे करून बघायची. सातवीत माझ्या मुलीनं तो दाणा तास संपेपर्यंत मुठीत धरून ठेवला होता, मला ते अजून दिसतं. मग मी फळ्यावर पृथ्वीची कक्षा काढायचे, चांगली लांबट, अंड्यासारखी. म्हणायचे, "इथं पृथ्वी सूर्याच्या जवळ येते, तेव्हा आपल्याकडं उन्हाळा. इथं लांब जाते, तेव्हा हिवाळा." अठरा वर्षं मी हे सांगत आले. कुणी कधी हात वर केला नाही.

डिसेंबरच्या शेवटी मिस माझ्या वर्गात आली. तिचं मराठी जपून टाकलेल्या पावलांसारखं होतं.

"अक्का, नवीन वर्षात पालकांना बोलावून सूर्यमाला दाखवायची म्हणते मी. तुमच्याकडे पृथ्वीगोल आहे म्हणे. दोन दिवस द्याल का?"

पृथ्वीगोल माझ्या मागच्याच कपाटात होता. धूळ बसू नये म्हणून मी तो जुन्या साडीत गुंडाळून ठेवला होता. माझ्या तोंडून आलं, "तुटलाय तो. मागच्याच वर्षी पडला."

"पृथ्वीगोल तुटली?" ती हळहळली. "असू द्या. मी दुसरं काहीतरी करते." आणि गेली.

मला अपराधी वाटलं असं लिहायला आवडलं असतं. पण मला त्या दिवशी बरं वाटलं होतं.

कार्यक्रम जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात झाला. येळवस, म्हणजे रानातल्या पूजेची अमावास्या, होऊन चार दिवस झाले होते, हवेत कडक गारठा होता. पालक शाली पांघरून मैदानाच्या कडेला बसले होते, मुख्याध्यापक खुर्चीवर. मिसनं मैदानाच्या मधोमध खुंटी ठोकली होती आणि दोरीनं मापून फक्कीच्या रेषा मारल्या होत्या. पृथ्वीचं वर्तुळ खुंटीपासून एक वाव, म्हणजे दोन हात पसरल्यावर होतं तेवढं अंतर. त्या मापानं मंगळ दीड वाव, गुरू पाच, शनी साडेनऊ, युरेनस एकोणीस. नेपच्यून तीस वाव, आणि तेवढं मैदानच नव्हतं. नेपच्यूनची रेषा कुंपणाची भिंत ओलांडून शेजारच्या तुरीच्या रानात गेली होती. तूर काढून झालेली होती, नुसती खुंटं उभी होती.

त्या खुंटांमध्ये निळी ओढणी घेऊन माझी मुलगी उभी होती.

खुंटीजवळ पिवळी शाल पांघरलेला सूर्य होता, बुध त्याच्याभोवती पळत होता, लोक हसत होते. पृथ्वीची एक फेरी झाली की मिस शिट्टी वाजवायची. तेवढ्यात बुधाच्या चार फेऱ्या व्हायच्या. मंगळाची अर्धी. गुरू बाराव्या हिश्श्यानं पुढं सरकायचा. आणि भिंतीपलीकडं माझी मुलगी शिट्टीसरशी दोन पावलं टाकून थांबायची. फक्त दोन पावलं. मग पुढच्या शिट्टीपर्यंत वाट बघायची. सगळी गंमत इकडं चाललेली आणि ती तिकडं उन्हात एकटी. एवढ्या हुशार पोरीला हिनं कुंपणाबाहेर टाकलं, असं माझ्या मनात आलं, आणि आतून तापायला लागले.

खेळ थांबवून मिसनं एका फळीवर दोन खिळे ठोकले, त्यांच्याभोवती दोऱ्याचा फास टाकला आणि दोरा ताणून पेन्सिल फिरवली. "ग्रहांचे मार्ग अगदी गोल नसतात, किंचित दबलेले असतात," तिनं आधी कन्नडमध्ये, मग मराठीत सांगितलं. "म्हणून भूमी वर्षातून एकदा सूर्याच्या सगळ्यात जवळ असते. कधी, माहीत आहे? आत्ता. याच आठवड्यात."

मी उठून उभी राहिले.

"मॅडम, लोकं दोन-दोन शाली घेऊन बसलीत. सूर्य जवळ आलाय तर थंडी कामून वाजायलीय?"

पालकांत हशा पिकला. कुणीतरी टाळी वाजवली. मला जोर आला.

"मी अठरा वर्षं शिकवतेय, पृथ्वी सूर्याजवळ गेली की उन्हाळा, लांब गेली की हिवाळा. मग मी पोरांना खोटं शिकवलं का?"

मिस माझ्याकडं बघत राहिली. तिला आता मला सगळ्यांसमोर तोंडघशी पाडता आलं असतं. तिच्या जागी मी असते तर मी तेच केलं असतं.

"अक्का, हे सगळ्यांनाच असं वाटतं," ती म्हणाली. "मलापण कॉलेजला जाईपर्यंत असंच वाटत होतं." मग ती पालकांकडं वळली. "जानेवारीत ऑस्ट्रेलियातली क्रिकेटची म्याच टीव्हीवर बघता ना? तिथले लोक काय घालून बसतात? शाल?"

"न्हाई, टोपी," एकजण म्हणाला. "घाम पुसत बसत्यात."

"म्हणजे तिथं आत्ता उन्हाळा. पृथ्वी तर एकच आहे. जवळ गेली तर दोघं मिळून जवळ गेलो ना? मग इथं थंडी आणि तिथं ऊन कसं?"

मी उभीच होते. खाली बसायचं मला सुचलं नाही. ती पुढं बोलायच्या आधीच मला कळलं होतं. अशी म्याच आमच्या घरी दर वर्षी लागते, हे बघतात, मी शेंगा सोलत शेजारी बसते. अठरा वर्षांत एकदाही माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं.

"कारण भूमी थोडी कलून फिरते. पृथ्वीगोल असता तर लगेच दिसलं असतं," ती म्हणाली आणि पिशवीतून मोसंबी काढली. आरपार विणायची सुई खुपसली, सुई तिरकी धरली आणि सूर्य झालेल्या मुलाभोवती फिरली. "आत्ता आपली बाजू सूर्यापासून पलीकडं कललीय, त्यांची सूर्याकडं. सहा महिन्यांनी उलटं. जवळ-लांबचा फरक पन्नास लाख किलोमीटर, पण एकूण अंतर पंधरा कोटी. त्यानं ऋतू बदलत नाहीत."

लोकांनी माना डोलावल्या. मुख्याध्यापक म्हणाले, "दोन्ही बाईंमुळं चांगली चर्चा झाली." मी बसले. भिंतीपलीकडं मुलगी निळी ओढणी हातात धरून माझ्याकडंच बघत होती.

संध्याकाळी ती घरी येईस्तोवर मी भांडायची तयारी करून ठेवली होती.

"तुला कामून बाहेर टाकलं तिनं? दुसरं कोण न्हाई मिळालं?"

"टाकलं न्हाई. मीच मागून घेतलं."

"रानात एकटी उभी राहायला?"

"सगळ्यांना बुध व्हायचं होतं. मला बघायचं होतं तिथनं सगळं कसं दिसतंय." ती बुटांच्या नाड्या सोडत होती, वर न बघता म्हणाली, "आई, गोल तुटलेला न्हाई."

मी तिचं दप्तर उचलून खुंटीला अडकवलं.

"तुझ्या कपाटात हाय, हिरव्या साडीत गुंडाळलेला. दिवाळीच्या सुट्टीआधी तू मला रजिस्टर आणायला पाठवलतीस, तेव्हा बघितलं मी."

"मग मिसला कामून सांगितलं न्हाईस?"

"मिस वर्गात म्हणाल्या, तू तुटलाय म्हणून सांगितलतीस. मग मी कसं सांगू?"

एवढं बोलून ती हात-पाय धुवायला गेली. एका जेवणात अकरा वेळा मिसचं नाव घेणाऱ्या पोरीनं आठ दिवस माझं खोटं तोंडात धरून ठेवलं होतं. इतके महिने मला जे हवं होतं ते मला मिळालं होतं, आणि त्याची मला लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी मी पृथ्वीगोल घेऊन कन्नड शाखेच्या स्टाफरूममध्ये गेले. मिस एकटीच वह्या तपासत होती. तिनं साडी सोडली, गोल एकदा फिरवला.

"चांगला झाला की! दुरुस्त केलात?"

पळून जायला तिनं मला दार उघडून दिलं होतं. का कोण जाणे, मी गेले नाही.

"न्हाई. तुटलाच नव्हता."

तिनं लाल पेन खाली ठेवलं. "मग, अक्का?"

"माझी पोरगी दिवसभर तुमचंच नाव घेते," मी म्हणाले. माझ्या वयाच्या बाईनं तिशीतल्या पोरीपुढं असं बोलावं, हे आजही आठवलं की अंग चोरून घ्यावंसं वाटतं.

ती हसली नाही. खिडकीबाहेर बघत तिनं सांगितलं, "मला मुलगी आहे, चार वर्षांची. कलबुर्गीला सासूबाईंजवळ. मी शनिवारी जाते, रविवारी संध्याकाळी परत. ती सासूबाईंना अव्वा म्हणते, म्हणजे आई. मला नावानं हाक मारते, घरात सगळे मारतात तशी." मग म्हणाली, "सासूबाई चांगल्या आहेत. म्हणून जास्त राग येतो."

आम्ही काही मैत्रिणी झालो नाही. पण मधल्या सुट्टीत ती कधीकधी माझ्याकडं यायला लागली, मराठी शब्द विचारायला. परिभ्रमण आणि परिवलन यांत तिचा गोंधळ व्हायचा. मी समजावून सांगायचे, आणि खरं सांगते, तेवढा वेळ मला फार बरं वाटायचं. मुलगी आता पदवीपूर्वच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, वर्गात बीदरला आहे, तिला भौतिकशास्त्र घ्यायचंय. दहावीचा निकाल लागला तेव्हा तिनं पहिला फोन मिसला केला. मी ऐकलं. मग स्वयंपाकघरात गेले आणि चहा ठेवला.

त्या जानेवारीतच मी सातवीच्या वर्गात उभं राहून सांगितलं, की उन्हाळ्याबद्दल मी तुम्हाला चुकीचं शिकवलं होतं. मुलांनी शांतपणे वहीत खाडाखोड केली. पण आधीच्या सतरा वर्षांची पोरं मनातून जात नव्हती. ती आता गावात होती, भालकीत होती, पुण्याला कंपन्यांत होती, सगळी माझी चूक घेऊन फिरत होती.

एकदा गाडी पंक्चर झाली म्हणून माझ्या पहिल्या तुकडीतल्या एका विद्यार्थ्याच्या दुकानात थांबले. तो ट्यूब पाण्यात बुडवून बघत होता. न राहवून मी म्हणाले, "अरे, मी तुम्हाला सातवीत शिकवलं होतं बघ, पृथ्वी सूर्याजवळ गेली की उन्हाळा येतो. ते चूक होतं."

त्यानं मान वर केली, प्रेमानं हसला.

"ते असलं काय याद न्हाई बाई. तुम्ही शिकवलतं व्हय ते?" मग जरा आठवून म्हणाला, "त्या नव्या मिसनी तुरीच्या रानात पोरं उभी केल्ती, ते मात्र याद हाय. मी रस्त्यावरनं बघत होतो. लई झकास वाटलं."

"व्हय," मी म्हणाले. "चांगलं केलं होतं तिनं."

त्यानं पंक्चरवर ठिगळ दाबून धरलं, आणि मी बाकावर बसून ते सुकायची वाट बघत राहिले.