शेंडी होती

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय खरा, पण तुमच्यापाशीच ठेवा.

आमच्या अमरावतीजवळच्या तलावावर हिवाळ्यात शेंडी बदकं येतात. बुडी मारून खाणारी. मादी तपकिरी, डोक्यामागं इवलीशी शेंडी. एखादीच्या चोचीच्या मुळाशी पांढरं असतं – आणि तिथंच घोळ होतो. कारण तसंच पांढरं असलेलं, पण बिनशेंडीचं एक बदक आहे. ते आपल्याकडे दिसणं म्हणजे लॉटरीच!

काही वर्षांपूर्वी ती लॉटरी मला लागली, असं वाटलं. फोटो लगेच पक्षीमित्रांच्या ग्रुपवर टाकला. चारपाच जण तर गाड्या काढून निघालेसुद्धा. कुंदाताई शेजारीच होत्या – अकोल्याच्या निवृत्त शिक्षिका, मला दुर्बीण धरायला शिकवणाऱ्या. म्हणाल्या, "भाऊ, एवढी घाई काहून करता? आत्ताच बुडी मारली तिनं. पिसं वाळू द्या, शेंडी दिसन."

वाळली. दिसली. वाऱ्यावर चांगली उभी राहिली होती – मी पाहिली, हो! पण तोवर मंडळी काठावर आली होती. आता आपली फजिती होणार, हे दिसतच होतं. ताईंनी बोट दाखवलं, "ते पाहा, शेंडी!" नेमकी तेव्हाच तिनं पुन्हा बुडी मारली. आणि मी काय केलं? सगळ्यांसमोर हसत म्हणालो, "ताई, डोळे तपासून घ्या एकदा."

सगळे हसले. त्याही हसल्या.

त्यांनी खरंच तपासले हो, बाप्पा! डॉक्टर म्हणाले, डोळे चांगले आहेत. ताईंचा डॉक्टरवर विश्वास बसला नाही – माझ्यावर बसला. तेव्हापासून त्या तलावावर आल्या नाहीत. हिवाळा लागला की फोन करतात, "काय काय आलं भाऊ? मले आता तुमच्याच डोळ्यानं पाहा लागते." दरवेळी ठरवतो, आज सांगून टाकायचं. जीभच उचलत नाही. भित्रा आहे मी, दुसरं काय?

काल पुन्हा फोन आला. स्कूटी विकली म्हणाल्या. "रस्त्यात कोणी दिसलं नाई, अन् ठोकलं म्हंजे? माह्या डोळ्याचा काय भरवसा!"

मी म्हणालो, "बरं केलं, ताई."