नानांच्या मोबाइलमधून बारसं

भावाच्या मुलीचं बारसं पिंप्राळ्यात, आणि मी, तिची एकुलती एक आत्या, धुळ्यात कांजिण्या घेऊन बसलेली! तान्ह्या बाळाजवळ जायची सोयच नाही. "मग शेजारचीला आत्या म्हणून बसवू," आई फोनवर म्हणाली. माझा नुसता तिळपापड झाला. व्हिडिओ कॉलचं सॉफ्टवेअर बनवणं हे माझं पोटापाण्याचं काम, आणि माझ्या भाचीचं नाव परकी बाई ठेवणार? म्हटलं, "मोबाइल बाळाच्या कानाशी धरा. कुर्रर्र मीच करणार!"

भावाला एक लिंक पाठवली. लगेच नानांचा, म्हणजे आमच्या मोठ्या काकांचा, त्याला फोन. "माले का बरं लिंक नही? मी परका शे का?" अहो, नाना बसणार त्याच पाळण्यापाशी! पण पत्रिका कशी घरटी वेगळी लागते, तशी आमच्याकडे लिंकही. नानांना गेली म्हटल्यावर मामांना हवी, मावश्यांना हवी. भावाने घाबरून अख्ख्या गोतावळ्याला धाडली.

बारशाच्या दिवशी माझ्या पडद्यावर जितक्या चौकटी तितके पाळणे. सगळे एकाच हॉलमध्ये, एकाच वायफायवर, सगळ्यांचे कॅमेरे चालू. मी "ऐकू येतंय का?" म्हटलं आणि आईचं तोंड उघडं ते उघडंच गोठलं.

काय होत होतं ते मला लख्ख दिसत होतं. आपला आवाज आणि चित्र बारीक तुकडे होऊन जातात, त्यांना पॅकेट म्हणतात. रस्ता तुंबला की काही वाटेतच गळतात. उशिरा पोचलेलं आम्ही सरळ टाकून देतो, कारण त्याची वाट बघत बसलं तर पुढचं बोलणं रखडतं. आवाजात बारीकसं भोक पडलं तर मागच्या आवाजावरून ठिगळ लावता येतं. पण इथे ठिगळ लावायला कापडच उरलं नव्हतं!

"बाकीचे मोबाइल बंद करा!" मी बोंबलले. छे! जो बंद करेल त्याचा मान जाणार. तिकडे आईचा तुटक आवाज, "मुहूर्त... शेजारचीला... हाक मार..."

मग सुचलं. भावाला साधा फोन लावला, म्हटलं स्पीकरवर टाक. "नाना, घरात मोठे तुम्ही. नाव तुमच्याच मोबाइलमधून घेईन, नाहीतर घेणारच नाही."

मग नाना असे कडाडले, "बठ्ठा बंद करा रे! मना मोबाइल ठेवा पाळनामा!"

पटापट चौकटी विझल्या. एकच उरली, नानांची. भावाचा साधा फोनही मी ठेवला. मी आवाजाची गाळणीही बंद केली, नाहीतर माझ्या कुर्रर्रला ती मिक्सरची घरघर समजून गाळून टाकायची. माझा कॅमेराही बंद केला. चित्र गेलं खड्ड्यात, आवाज पोचला पाहिजे. ओठ माइकला लावले. कुर्रर्र! आणि नाव घेतलं.

तेवढ्यात तिकडचं चित्र गोठलं. बाळाचा अर्धा कान, बस्स. पोचलं का? की शेवटच्या क्षणी गळलं? मी हेडफोन कानांवर दाबून धरले.

आणि कानात एकदम धप! धप! धप! मोबाइल पडला वाटलं. मग बायकांचं खिदळणं, आणि नाना कळवळून, "अय, फुटी जाई ना तो!"

आत्याच्या पाठीत घालायचे धपाटे माझ्या माहेरच्या बाया नानांच्या मोबाइलच्या पाठीत घालत होत्या. मला रडू फुटलं, हसूही आवरेना.

"अजून घाला गं!" मी धुळ्यातून ओरडले.