पाच ते सहा, मोठ्याने

लोणावळे, पौष शुद्ध द्वितीया, शके १८६५

संपादक मंडळाने या गौरवग्रंथासाठी लेख मागितल्याला बरेच दिवस झाले. मी साधे उत्तरही पाठवले नाही, याबद्दल मंडळाची क्षमा मागतो. वाचनालयाच्या स्नेहीजनांचीही मागतो. दिवाळीपासून मी तिकडे फिरकलो नाही आणि का, ते कुणाला सांगितले नाही. श्री. भिकाजीपंत ओझर्डेकर, म्हणजे आपणा सर्वांचे नाना, यांना येत्या माघात पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांच्याविषयी खरे लिहायचे तर ते कारण लिहावे लागते, आणि त्याआधी माझ्या आजाराविषयी लिहावे लागते. लेखणी तिथेच अडली होती.

नानांची पहिली ओळख झाली ती त्यांची बोलणी खाऊन. बी. ए. होऊन मी येथील शाळेत शिक्षक म्हणून आलो आणि पहिल्याच संध्याकाळी वाचनालयात जाऊन वर्तमानपत्र उघडले. तळेगावची शिक्षकी संपवून नाना तेव्हा नुकतेच वाचनालय पाहू लागले होते. ते अनवाणी माझ्यामागे येऊन उभे राहिले, मला कळलेही नाही. हलक्या आवाजात म्हणाले, "पान वरच्या कोपऱ्याला धरून उलटावं. खालून धरलं की वाजतं." खुर्च्यांच्या पायांना त्यांनी काथ्या गुंडाळला होता. खोकला आलेल्या माणसाने व्हरांड्यात जायचे, हा नियम ते स्वतःही पाळत. शांतता ही त्यांची आवड नव्हती, ते त्यांचे व्रत होते. हे आधी सांगितले, कारण पुढे त्यांनी जे केले त्याची किंमत त्यावरूनच कळेल.

चार वर्षांपूर्वी माझ्या आतड्यात गाठ झाली. पुण्यात शस्त्रक्रिया झाली. खालचा भाग काढून टाकावा लागला आणि आतड्याचे तोंड पोटाच्या डाव्या बाजूला बाहेर आणून कायमचे शिवले. शौच आता तिथून होते. सकाळी एनिमाच्या भांड्याने आतडे धुवायचे, तोंडावर कापडाची जाड घडी ठेवायची, वरून पट्टा आवळायचा. हे शिकण्यात एक पावसाळा गेला. डॉक्टरांचे उपकार आहेत, मी जिवंत आहे. परंतु त्या वाटेवर माझा ताबा नाही. वारा सरला की आवाज होतो. केव्हा होईल ते आधी समजत नाही.

शाळा मी आपणहून सोडली. मुले हसली असती तर ते सोसले असते. मुले न हसण्याचा प्रयत्न करीत, ते सोसवेना. पंगती सोडल्या, कीर्तने सोडली. पुण्याहून टपालाने येणारी मुद्रिते तपासून पोट भरू लागलो. एकदा धीर करून वाचनालयात गेलो. तिथली ती शांतता. पाचसात मिनिटांत व्हायचे ते झाले. सगळ्यांनी माना वर केल्या आणि लगेच खाली घातल्या. मी टोपी उचलून घरी आलो.

पुढच्या आठवड्यात नाना घरी आले. प्रकृती कशी आहे, असे त्यांनी विचारले नाही. चहा संपवून म्हणाले, "नेमकं काय होतं?"

पत्नी आणि डॉक्टर सोडून मी हे कुणाला सांगितले नव्हते. त्यांना सांगितले.

"वास?"

"पट्टा नीट असला तर येत नाही."

"मग फक्त आवाजाचंच आहे," ते म्हणाले आणि उठले.

जाताना त्यांची नजर ओसरीवर गेली. तिथे माझ्या घड्या दोरीवर टांगल्या होत्या. लोणावळ्यात श्रावणात काही वाळत नाही. दोन दिवसांचे कापडही दमटच होते. दुसऱ्या दिवशी भर पावसात ते बाजारातून बांबूची मोठी टोपली घेऊन आले, बाळाची दुपटी वाळवायला शेगडीवर पालथी घालतात तशी. वाटेत कुणी विचारले तर त्यांनी "कोंबड्या पाळतोय" असे सांगितले होते. ओझर्डेकरांच्या घरी कोंबड्या, ही चर्चा गावात महिनाभर चालली. माझ्या घराकडे कुणी पाहिले नाही.

आणि त्या सोमवारपासून नानांनी पाच ते सहा वर्तमानपत्र मोठ्याने वाचण्यास सुरुवात केली.

सभासद नाराज झाले. एकजण म्हणाले, "नाना, इतकी वर्षं तुम्हीच आम्हाला गप्प बसवलंत."

"गप्प बसून काय वाचलंत ते पाहिलं मी," नाना म्हणाले. "आता ऐका."

त्यांचा आवाज खणखणीत. त्या आवाजाखाली मी निर्धास्त बसू लागलो. लढाईचे दिवस, वलवण-भुशीकडची मंडळीही व्हरांड्यात येऊन बसू लागली. भुशीच्या आबांचा मुलगा पलटणीत आहे. ते रोज विचारत, "नाना, आमच्या पोराची पलटन कुटं हाय, ते न्हाई का त्यात?"

"पलटणीचं नाव छापत नाहीत, आबा."

"मंग येवढं लय छापत्यात ते काय?"

एकदा नाना पाणी प्यायला थांबले आणि नेमका तेव्हाच माझा आवाज झाला. आबा वळून म्हणाले, "मास्तरांचं प्वॉट बी वाचाया लागलं जनू."

सगळे हसले. नानांनी पेला खाली ठेवला. "त्यांचं पोट निदान खरं सांगतं, आबा. या पेपराचं मी सांगू शकत नाही." आणि पुढचा मजकूर वाचू लागले.

पण हा लेख खरा ठेवायचा असेल तर हेही लिहिले पाहिजे की एकटेपणा त्याने गेला नाही. सहा वाजता वाचन संपे, दिवे लागत, खोली पुन्हा शांत होई, आणि मी उठे. रस्त्यावरून खिडकीत पाहिले की आपापल्या खुर्चीत वाचणारी माणसे दिसत. दिवसाचा तेवढा एक तासच मी लोकांत असे.

नानांनी हे माझ्यासाठी केले, हा माझा समज आहे. एकदा मी विचारले. ते म्हणाले, "तुमच्यासाठी? घरी माझा आवाज ऐकायला कोण आहे? ती गेल्यापासून बोलायचं विसरायला झालं होतं." मला ओझे वाटू नये म्हणून हे उत्तर होते की खरेच, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

दिवाळीत त्यांचा घसा बसला तो सुधारला नाही. वैद्यांनी त्यांचे मोठ्याने बोलणे बंद केले. त्यांनी मला बोलावून वर्तमानपत्र पुढे केले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "आता तुम्ही." मी नाही म्हटले. ऐकणाऱ्याला दुसऱ्याच्या आवाजाचा आडोसा असतो. वाचणाऱ्याने श्वास घ्यायला थांबावे, सगळे त्याच्याकडे पाहत असावेत, आणि नेमके तेव्हाच? नानांनी आग्रह केला नाही. वाचन बंद पडले, आणि त्याबरोबर माझा तासही.

काल बाजारात आबा भेटले. म्हणाले, "मास्तर, नाना नुसतं बसत्यात पेपर मांडीवर घिऊन. आमी व्हरांड्यात बसतो न् जातो. तुमी का न्हाई वाचत?"

"जमणार नाही, आबा."

"पोटाचं म्हनता व्हय? ते तर आमी रोजच ऐकत हुतो. पेपर ऐकाया मिळंना म्हून इचारलं."

मी तसाच घरी आलो. रात्री हा लेख लिहायला घेतला.

नानांनी शंभरी पाहावी. वाचनालयाच्या पायऱ्या त्यांनी स्वतःच्या पायांनी चढाव्यात, बारीक टाइप बिनचष्म्याने वाचावा, आणि घशाला यापुढे खुशाल विश्रांती द्यावी. इतकी वर्षे त्यांनी आम्हांला ऐकवले. आता त्यांनी ऐकावे, आणि चुकेल तिथे मला हाताने थांबवावे.

उद्या: पाच वाजता वाचनालयात जाऊन वर्तमानपत्र वाचणे.